आत किती आहे? वाजवून पाहा!

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे चैत्र महिन्यात संत गोरोबाकाकांची यात्रा भरते. उन्हाचा तडाखा वाढलेला असतो आणि घरोघरी नवा माठ घेण्याचे दिवसही तेच असतात. माठ घेताना गिऱ्हाईक त्याचा रंग पाहते, आकार पाहते, तळ नीट टेकतो की नाही ते पाहते. पैसे देण्याआधी मात्र एक गोष्ट हमखास होते. माठ हातावर तोलून धरायचा आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचे. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. आवाज बद्द आला तर कुठे तरी तडा असणार, नाही तर भाजणी कच्ची राहिली असणार. डोळ्यांना न दिसणारा दोष कानांना कळतो.

ज्या गावाचे नाव एका कुंभार संताशी कायमचे जोडले गेले, तिथे या टकटकीची एक गोष्टही प्रसिद्ध आहे. वारकरी परंपरेतील कथेनुसार गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. गोरोबा वयाने सर्वांत वडील, म्हणून सगळ्यांचे काका. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांची धाकटी बहीण मुक्ताई हिला तिथे एक लाकडी अवजार पडलेले दिसले. हे कशासाठी, असे तिने काकांना विचारले. हे थापटणे, याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे उत्तर मिळाले. मग आम्हीही मडकीच की, आमच्यातले कच्चे कोण ते सांगा, असा मुक्ताईचा पुढचा हट्ट. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी ते मडके कच्चे ठरवले. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, असे ही कथा सांगते.

कथेचा अर्थ अध्यात्माचा आहे आणि तो तसाच घ्यायचा. पण तिच्यात एक साधी, घरगुती गोष्टही आहे. मोठ्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूबद्दल घरातल्या सर्वांत लहान मुलीने प्रश्न विचारला आणि उत्तर मिळताच ती युक्ती भलत्याच जागी लावून पाहायला सांगितली. युक्तीची अशीच जागा बदलल्यामुळे पुढे वैद्यकशास्त्राला एक मोठी देणगी मिळाली. आजही डॉक्टर रुग्णाच्या छातीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकतात, ते याच देणगीमुळे. तिची सुरुवात दवाखान्यात नव्हे, तर एका सरायच्या तळघरात झाली, असे वैद्यकाच्या इतिहासात सांगितले जाते.

सरायवाल्याचा मुलगा

ऑस्ट्रियातील ग्राट्स या गावात १७२२ मध्ये लिओपोल्ड आउएनब्रुगरचा जन्म झाला. वडिलांची सराय होती. तळघरात वाइनची लाकडी पिंपे रचलेली असायची. पिंप सगळीकडून बंद, आतले काही दिसत नाही. मग कोणत्या पिंपात किती वाइन उरली आहे ते कसे ओळखायचे? प्रत्येक वेळी पिंप उघडणे सोयीचे नव्हते आणि भरलेले पिंप हलवून पाहणे कोणाच्या आवाक्यातले नव्हते. सरायवाल्यांची यावरची युक्ती जुनीच होती. पिंपाच्या पोटावर वरून खाली ठोकत यायचे. जिथपर्यंत आत हवा आहे तिथपर्यंत आवाज पोकळ, घुमणारा येतो. जिथे वाइनची पातळी सुरू होते तिथे तो एकदम दबतो. त्या जागी बोट ठेवले की झाले.

लिओपोल्ड ही युक्ती पाहतच मोठा झाला. पुढे तो व्हिएन्नामध्ये वैद्यक शिकला आणि तिथल्या स्पॅनिश हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणून काम करू लागला. तिथे त्याच्यासमोर पुन्हा एक बंद पिंप आले. हे पिंप म्हणजे माणसाची छाती.

त्या काळी छातीच्या आत काय चालले आहे हे कळण्याचे कोणतेही साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे अजून शंभराहून अधिक वर्षे जायची होती. स्टेथोस्कोपही नव्हता. डॉक्टर नाडी पाहत, जीभ पाहत, लघवीचा रंग पाहत आणि रुग्णाला काय होते ते विचारत. छातीत पाणी झाले असेल, पू झाला असेल, फुफ्फुस घट्ट झाले असेल, तर ते बहुतेक वेळा रुग्ण गेल्यावर शवविच्छेदनातच समजे.

आउएनब्रुगरने रुग्णांच्या छातीवर बोटांची टोके जुळवून ठोकून पाहायला सुरुवात केली. निरोगी माणसाच्या छातीचा आवाज कसा येतो, त्याचे वर्णन त्याने जाड लोकरी कापड घातलेल्या ढोलाच्या आवाजासारखा, असे केले. आजारी छातीचा आवाज वेगळा येई. कुठे उंच, कुठे दबका, कुठे मांडीवर थाप मारावी तसा अगदी बद्द. तो एवढ्यावर थांबला नाही. मृतदेहाच्या छातीत द्रव भरून त्याने बाहेरून आवाज ऐकला आणि द्रवाची पातळी ओळखता येते का ते तपासले. ज्या रुग्णांची छाती त्याने ठोकली होती त्यांचा मृत्यू झाला तर शवविच्छेदनात आपला अंदाज खरा ठरला की नाही, हे पाहिले. असे सात वर्षे चालले. मग १७६१ मध्ये त्याने शंभराहून कमी पानांचे एक लॅटिन पुस्तक काढले. नाव होते ‘इन्व्हेंटम नोव्हम’, म्हणजे नवा शोध.

घरातली एखादी युक्ती ‘चालते’ म्हणून सगळेच वापरतात. ती केव्हा चालते, केव्हा फसते आणि का, हे मोजून पाहिले की तिचे शास्त्र होते. आउएनब्रुगरने नेमके तेच केले.

माठ, जलतरंग आणि फुफ्फुस

ठोकल्यावर आवाज बदलतो तो कशामुळे? कोणतीही वस्तू ठोकली की ती थरथरते. ती थरथर आजूबाजूच्या हवेत पसरते आणि कानापर्यंत येते. पातळ भिंतीच्या पलीकडे हवा असेल तर भिंतीला हलायला मोकळीक असते. ती बराच वेळ थरथरते आणि आवाज घुमतो. भिंतीच्या पलीकडे पाणी असेल तर तिला स्वतःबरोबर पाण्यालाही ढकलावे लागते. थरथर लवकर विरते आणि आवाज दबका येतो. जलतरंगातही पाण्याचा हाच भार कामाला येतो. वाटीत पाणी वाढवले की सूर खाली उतरतो, कमी केले की वर चढतो.

तडा गेलेल्या माठाचे कारण थोडे वेगळे आहे. चांगल्या भाजलेल्या माठाची भिंत सलग असते. एका जागी दिलेला ठोका सगळ्या माठात फिरतो आणि सगळा माठ एकसाथ वाजतो. तडा असेल तर ही साखळी तुटते. तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि थरथरीची ताकद त्या घासण्यातच जिरते. म्हणून तडा केसाएवढा असला तरी आवाज बद्द येतो.

कच्च्या मडक्यात तडा नसतो, तरी ते वाजत नाही. मातीचे कण नुसते एकमेकांना चिकटलेले असतात. भट्टीत तापमान साधारण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सियसच्या पुढे गेले की मातीच्या कणांच्या रचनेत अडकलेले पाणी निघून जाते आणि त्यांची रचनाच बदलते. आणखी तापले की कण एकमेकांशी पक्के सांधले जातात. एकदा असे झाले की ती माती पुन्हा पाण्यात विरघळून चिखल होत नाही. म्हणूनच तेर म्हणजे प्राचीन तगर नगरातल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाजक्या मातीच्या वस्तू आज तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. न भाजलेली माती एका पावसाळ्यातच वाहून गेली असती.

आता छातीकडे येऊ. निरोगी फुफ्फुस म्हणजे हवेने भरलेल्या लाखो सूक्ष्म फुग्यांचा स्पंजासारखा गठ्ठा. त्यावर ठोकले की आवाज घुमतो. उजव्या बाजूला बरगड्यांच्या खालच्या भागात यकृत असते. ते भरीव आहे, म्हणून तिथे आवाज दबतो. न्यूमोनियात फुफ्फुसाच्या फुग्यांमध्ये हवेऐवजी द्रव आणि पू भरतो, तेव्हा एरवी घुमणारी जागा दबकी वाजू लागते. फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठले तर आवाज दगडासारखा बद्द येतो. उलट, फुफ्फुस फाटून छातीच्या पोकळीत हवा साठली, तर तो नेहमीपेक्षा जास्तच पोकळ येतो. पोटाचेही तसेच. आतड्यात वायू असेल तर डग्गीसारखा आवाज येतो. पोटात पाणी झाले असेल तर रुग्णाला कुशीवर वळवल्यावर दबक्या आवाजाची जागाही बदलते, कारण आतले पाणी खालच्या बाजूला सरकते. पिंप आडवे केल्यावर वाइनची पातळी सरकावी, तसेच.

आउएनब्रुगरचा कान सुरांचाही होता. प्रसिद्ध संगीतकार सालिएरीच्या एका संगीतिकेचे शब्द त्याने लिहिले होते. त्याच्या दोन मुली उत्तम पियानो वाजवत आणि हायडनने आपल्या सहा सोनाटा त्यांना अर्पण केल्या. आवाजातला बारीक फरक ओळखण्याची सवय त्याला घरातूनच होती.

सत्तेचाळीस वर्षे

इतका उपयोगी शोध लागला म्हणजे लगेच सगळ्यांनी तो उचलला असेल, असे वाटते. तसे झाले नाही. व्हिएन्नातल्या मोठ्या डॉक्टरांनी, ज्यांच्या हाताखाली आउएनब्रुगर शिकला त्यांनीही, या पुस्तकाकडे फारसे लक्ष दिले नाही. रुग्णाच्या अंगावर असे ठोकणे त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यांच्या रीतीत बसणारे नव्हते. थोड्या जणांनी ही पद्धत वापरली, पण तिचा प्रसार झाला नाही. आपल्या शोधाला मत्सर आणि टीका सहन करावी लागेल, असे आउएनब्रुगरने पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवले होते.

पुढे नेपोलियनचा डॉक्टर झां-निकोला कोर्व्हिसार याच्या हाती हे पुस्तक लागले. त्याने अनेक वर्षे ही पद्धत स्वतः वापरून पाहिली आणि १८०८ मध्ये पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद आपल्या टिपांसह प्रसिद्ध केला. ही पद्धत आपलीच म्हणून खपवता आली असती, पण ज्याचे श्रेय त्यालाच मिळाले पाहिजे, असे त्याने त्यात मोकळेपणाने नोंदवले. शोध आणि प्रसार यांच्यामध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली होती. पुढच्याच वर्षी, १८०९ मध्ये, आउएनब्रुगर वारला.

या सत्तेचाळीस वर्षांत छातीत पाणी किंवा पू होऊन किती रुग्ण निदानाविना गेले असतील, त्याची मोजदाद कोणाकडे नाही. अडथळा यंत्राचा नव्हता, खर्चाचाही नव्हता. लागत होती ती फक्त दहा बोटे आणि दोन कान.

कोर्व्हिसारचा एक विद्यार्थी होता रने लेनेक. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये त्याच्याकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला थेट कान लावणे त्याला संकोचाचे वाटले आणि स्थूलपणामुळे ठोकूनही फारसे कळत नव्हते. तेव्हा त्याला एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. मुले असा खेळ खेळताना त्याने पाहिली होती, असेही सांगतात. त्याने कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक रुग्णाच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले, आणि हृदयाचे ठोके पूर्वी कधी ऐकले नव्हते इतके स्वच्छ ऐकू आले. पुढे त्याने लाकडी नळी तयार केली. तीच स्टेथोस्कोपची पहिली आवृत्ती. आगपेटीचा टेलिफोन करून खेळलेल्या प्रत्येकाला त्यामागचे तत्त्व माहीत आहे. हवेपेक्षा घट्ट पदार्थातून आवाज कमी विखुरतो आणि नेमका पोचतो.

फुटक्या मडक्याचा आवाज

वैद्यकाच्या पुस्तकात ‘फुटक्या मडक्याचा आवाज’ असे एक लक्षण खरोखरच आहे. क्षयरोगाने फुफ्फुसात मोठी पोकळी झाली असेल आणि ती श्वासनलिकेला जोडलेली असेल, तर त्या जागी ठोकल्यावर कधी कधी तडा गेलेल्या मडक्यासारखा आवाज येतो. ठोक्याने पोकळीतली हवा अरुंद वाटेने झटकन बाहेर पडते, तिचा तो आवाज. क्षयाची अनेक लक्षणे ज्याने नोंदवली तो लेनेकही १८२६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयानेच गेला.

दुसरे लक्षण थेट डोक्याचे आहे. लहान मुलांच्या मेंदूतील पोकळ्यांमध्ये पाणी साठण्याचा एक विकार असतो, त्याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. आतला दाब वाढला की कवटीच्या हाडांमधले सांधे फाकतात. सलग मडके आणि तडकलेले मडके यांतला फरक इथेही ऐकू येतो. डोक्याच्या बाजूला बोटाने हलके ठोकल्यावर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅक्यूएन यांच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. थापटण्याची कथा ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे वाचून नवल वाटेल. पण बाळाच्या डोक्यावर घरी ठोकून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये. आईवडिलांनी लक्ष ठेवायचे ते वेगळ्या गोष्टींवर. डोके वयाच्या मानाने भराभर वाढणे, टाळू फुगलेली आणि ताठ वाटणे, वारंवार उलट्या, सतत गुंगी किंवा चिडचिड, डोळे खाली वळलेले राहणे. असे काही दिसले तर बाळाला लवकर डॉक्टरांकडे न्यावे. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर मेंदूचे नुकसान टाळता येऊ शकते.

बोटांना कळत नाही ते

ठोकून तपासण्याला मर्यादाही आहेत. छातीच्या भिंतीपासून फार खोल असलेली गाठ, लहान डाग किंवा थोडेसे पाणी बोटांना कळत नाही. आवाज दबका आला तर आत द्रव किंवा घट्टपणा आहे एवढे कळते. तो पू आहे, रक्त आहे की पाणी, हे कळत नाही. त्यासाठी एक्स-रे, सोनोग्राफी, थुंकीची किंवा काढलेल्या द्रवाची तपासणी लागते. तरीही गावातल्या दवाखान्यात, वीज गेलेली असताना किंवा जवळ एक्स-रेची सोय नसताना, कोणत्या रुग्णाला तातडीने पुढे पाठवायचे हे ठरवायला डॉक्टरांची बोटे अजूनही उपयोगी पडतात.

घरच्या माणसाने छाती ठोकून न्यूमोनिया ओळखण्याच्या फंदात पडू नये. त्यापेक्षा सोपी आणि भरवशाची तपासणी घरी करता येते, ती म्हणजे श्वास मोजणे. न्यूमोनिया आजही जगभर लहान मुलांचा मोठा शत्रू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले त्याने दगावली. खोकला किंवा ताप असलेले मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याची छाती किंवा पोट किती वेळा वर येते ते मोजावे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाचे मूल ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे मूल ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर तो श्वास जलद समजतात. अशा मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काही पीत नसेल, फार सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर एक तासही वाया घालवू नये.

मोठ्यांसाठी एक गोष्ट. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा रात्री घाम येत असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत.

पाण्याच्या पिंपावर मुलांची परीक्षा

सरायवाल्याच्या मुलासमोरचा प्रश्न मराठवाड्यातल्या घरात रोजच पडतो. नळाला दररोज पाणी येत नाही अशी गावे आणि शहरे इथे पुष्कळ आहेत. पाणी आले की पिंपे, टाक्या, घागरी भरून ठेवायच्या आणि पुढचे काही दिवस पुरवायचे. पिंपात किती पाणी उरले ते पाहायला दिवसातून चार वेळा झाकण उघडले जाते. ते कधी तिरके बसते, कधी तसेच उघडे राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमके असेच साठवलेले, स्वच्छ पाणी लागते. त्याची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ही अंडी कोरड्या भिंतीवरही काही महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करायचे, आतून घासायचे आणि सुकू द्यायचे, असा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. नुसते पाणी ओतून पुन्हा भरले तर भिंतीवरची अंडी तशीच राहतात.

झाकण न उघडता पाणी मोजायचे काम घरातल्या मुलाकडे द्यायला हरकत नाही. त्यातून एक छान प्रयोगही होतो. मोठ्या माणसाने प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या पिंपात मुलाला न दाखवता पाणी भरावे आणि झाकण लावावे. मुलाने पिंपाच्या बाजूने वरून खाली, चार-चार बोटांच्या अंतराने, बोटाच्या पेराने ठोकत यावे. आवाज जिथे दबतो तिथे खडूने रेघ मारावी. मग झाकण काढून पाण्याची खरी पातळी पट्टीने मोजावी आणि अंदाज किती सेंटिमीटरने चुकला ते वहीत लिहावे. पाणी कमी-जास्त करून असे दहा वेळा करावे. दहाव्या वेळी चूक पहिल्यापेक्षा कमी होते का? प्लास्टिकवर जास्त चांगले कळते की पत्र्यावर? पाण्याऐवजी ज्वारी भरली तर आवाज कसा येतो? सिमेंटच्या टाकीवर ही युक्ती का चालत नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलाला बहुधा स्वतःच सापडेल. भिंत इतकी जाड असते की आत हवा असो वा पाणी, तिच्या थरथरण्यात फारसा फरक पडत नाही.

स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवर मात्र मुलांना ठोकू देऊ नये. त्याची वेगळी युक्ती आहे. सिलिंडरभोवती ओल्या फडक्याने वरून खाली एक पट्टा पुसून काही मिनिटे थांबावे. आत द्रवरूप गॅस असतो तिथला ओलावा उशिरा सुकतो आणि वरचा रिकामा भाग आधी कोरडा होतो. दोन्हींच्या मधली रेघ म्हणजे गॅसची पातळी.

यातली एकही युक्ती महाग नाही, नवी तर नाहीच. फरक पडतो तो मुलाने ‘हे असे का?’ असे विचारल्यावर घरातले मोठे माणूस काय उत्तर देते यावर. ‘असेच असते’ म्हटले की विषय तिथेच संपतो. ‘तूच करून बघ, आणि चुकलास तर किती चुकलास तेही मोज’ म्हटले, तर पिंपावर खडूच्या रेघा उमटतात, वहीत आकडे भरतात आणि झाकण बंद राहते.